घेऊन ठेवलेली घरे

मराठी मध्यमवर्गीय घरात जमीन किंवा सदनिका कोणी नुसती 'घेत' नाही. ती 'घेऊन ठेवतो'. निवृत्तीला दोन-तीन वर्षे उरलेले दोन शिक्षक स्टाफरूममध्ये भेटले, की 'कुठे काही घेऊन ठेवले की नाही?' हा प्रश्न निघतोच. जिल्हा परिषदेच्या कचेरीत डबा खाताना तोच विषय, आणि नोकरी लागून वर्ष न झालेल्या पदवीधरालाही वडीलधाऱ्यांचा सल्ला तोच. या 'ठेवणे' क्रियापदात आपल्या स्थावर गुंतवणुकीचे सारे अर्थशास्त्र साठवलेले आहे. दुकान घेतले तर ते चालवतात, शेत घेतले तर ते कसतात. घर मात्र घेऊन ठेवतात. त्याने काही मिळवून द्यावे, अशी अपेक्षा नसते. त्याने फक्त पडून राहावे आणि पडल्या पडल्या महाग व्हावे.

या ओढीची चेष्टा करण्याचे कारण नाही. १ नोव्हेंबर २००५ नंतर राज्य शासनाच्या सेवेत लागलेल्यांना जुन्या पद्धतीचे निवृत्तिवेतन राहिले नाही. विनाअनुदानित शाळा-महाविद्यालयांत उमेदीची वर्षे घालवलेल्या शिक्षकांना तर त्याची आशाही नव्हती. बँकेतील ठेवीचे व्याज महागाईशी कशीबशी बरोबरी करते. भागबाजाराची भीती वाटते, आणि बुडालेल्या पतपेढ्यांच्या आठवणी अजून ताज्या आहेत. अशा माणसाला जे डोळ्यांना दिसते, ज्याला कुलूप लावता येते, जे रात्रीतून कोणी उचलून नेत नाही, त्याचे आकर्षण वाटावे हे स्वाभाविक आहे. प्रश्न त्याच्या ओढीचा नाही, हिशेबाचा आहे. राहते घर हा निराळा विषय. त्याचा हिशेब केवळ पैशांत करू नये. येथे विचार करायचा तो राहत्या घरापलीकडे घेतल्या जाणाऱ्या दुसऱ्या सदनिकेचा, शहराबाहेरच्या गुंठ्यांचा, म्हणजेच छोट्या प्रमाणावर स्थावर मालमत्तेत पैसा घालू पाहणाऱ्या पगारदाराचा.

भाड्याचा अस्त

हा पगारदार आज जसा विचार करतो, तसा त्याचा पणजोबा करीत नव्हता. गिरगावातल्या किंवा दादरच्या चाळी बांधणारे सर्वच काही शेठ-सावकार नव्हते. पेन्शनीचे पैसे, विधवेच्या नावाची पुंजी, वडिलोपार्जित जमीन विकून आलेली रक्कम अशा मध्यम भांडवलावरही चाळी उभ्या राहिल्या. पुण्याच्या पेठांतील वाड्यांचे मालक मागच्या चौकातल्या खोल्या बिऱ्हाडांना देत आणि त्या भाड्यावर घरखर्चाचा एक भाग चालवत. घराची किंमत आज किती, हा प्रश्न त्यांना क्वचितच पडे, कारण घर विकायचे नव्हते. महिन्याचे भाडे किती आणि ते वेळेवर येते की नाही, एवढाच त्यांचा हिशेब असे. अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे, तर ती उत्पन्नासाठी केलेली गुंतवणूक होती.

या व्यवस्थेला उतरती कळा लागली ती भाडेनियंत्रणाने. युद्धकाळातील टंचाईत भाडेकरूची पिळवणूक होऊ नये, हा त्या कायद्यांमागचा हेतू न्याय्यच होता. परंतु १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४०च्या पातळीशी बांधले, आणि तात्पुरता म्हणून आलेला हा कायदा मुदतवाढी घेत अर्धशतक जगला. महागाई कितीतरी पट वाढली. भाडे जवळपास जागच्या जागी राहिले. मालकाने दुरुस्ती सोडली, भाडेकरूने हक्क सोडला नाही, आणि दोघांच्या मधल्या पोकळीत 'पगडी' वाढली. यातून सुटण्यासाठी मालकांनी जागा भाड्याऐवजी परवान्याने देण्याची युक्ती काढली. १९७३च्या दुरुस्तीने त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला ताब्यात असलेल्या परवानाधारकांनाही संरक्षित भाडेकरू मानले, तेव्हा तीही वाट बंद झाल्यासारखी झाली. त्या दुरुस्तीने हजारो कुटुंबांचे छप्पर वाचले हे खरे. पण जागा एकदा दुसऱ्याच्या हाती दिली की ती गेली, हा धडा मालकवर्गाने जो गिरवला तो आजतागायत पुसलेला नाही.

डिसेंबर १९९७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रमाण भाड्याच्या गोठलेल्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी ठरल्याचा निर्वाळा दिला. त्यानंतर आलेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, हा ३१ मार्च २००० पासून अमलात आहे. जुन्या भाडेकरूंच्या भाड्यात वर्षाला ४ टक्के वाढ त्याने मान्य केली आणि परवान्याने दिलेली जागा मुदत संपताच परत मिळवण्याचा बराच सुकर मार्गही घालून दिला. म्हणजे कायदा बदलला. मनातला कायदा मात्र १९४७चाच राहिला. पन्नास वर्षांत मध्यमवर्गाने भाडे हा शब्दच हिशेबातून काढून टाकला होता. उरला होता फक्त भाव. आणि ज्या वस्तूचे उत्पन्न कोणी मोजत नाही, फक्त उद्याचा भाव मोजतात, त्या वस्तूतील व्यवहाराला गुंतवणूक म्हणण्यापेक्षा सट्टा म्हणणे अधिक अचूक ठरेल. पगारदार माणूस सट्टेबाज म्हणवून घ्यायला कधीही तयार होणार नाही, आणि गोम नेमकी तेथेच आहे. आपण जोखीम घेत आहोत याची जाणीव नसताना घेतलेली जोखीम सर्वांत महाग पडते.

पन्नास लाखांचे गणित

एक काल्पनिक पण अवास्तव नसलेले उदाहरण घेऊ. पुण्याच्या वेशीवर तयार इमारतीतील ५० लाखांची सदनिका. महापालिका हद्दीत पुरुष खरेदीदाराला मुद्रांक शुल्क व त्यावरील अधिभार मिळून ७ टक्के, म्हणजे साडेतीन लाख. नोंदणी फी ३० हजार. दलाली, वकिलाचा शोध-अहवाल व किरकोळ खर्च ५० हजार. पंखे, नळ, ओटा, रंग यांत आणखी ७० हजार. किल्ली हाती येईपर्यंत ५५ लाख गेलेले असतात. बांधकाम चालू असलेली सदनिका घेतली, तर यात वस्तू व सेवा कराची भर पडते: परवडणाऱ्या गटात १ टक्का, एरवी ५ टक्के.

आता उत्पन्न. अशा जागेला महिना १४ हजार भाडे येते असे धरू. बिऱ्हाड बदलताना वर्षातून सरासरी एक महिना जागा रिकामी राहणार. तेव्हा अकरा महिन्यांचे १ लाख ५४ हजार. त्यातून सोसायटीचा देखभाल खर्च २४ हजार, घरपट्टी ८ हजार, दुरुस्ती व दलाली १२ हजार वजा केले, की हाती १ लाख १० हजार उरतात. ५५ लाखांवर हे बरोबर २ टक्के होतात. टपाल खात्याच्या बचत खात्यावरचे व्याजसुद्धा याहून अधिक आहे.

बहुतेक पगारदार हे ५५ लाख रोखीने देत नाहीत. २० लाख भविष्यनिर्वाह निधीतून, ठेवी मोडून, पत्नीचे दागिने तारण ठेवून उभे करायचे आणि ३५ लाख बँकेकडून घ्यायचे. साडेआठ टक्के दराने वीस वर्षांसाठी त्याचा हप्ता सुमारे ३० हजार ४०० रुपये बसतो. पहिल्या वर्षीचे व्याजच २ लाख ९५ हजारांच्या घरात जाते. स्वतःचे २० लाख ठेवीत असते, तर ७ टक्क्यांनी १ लाख ४० हजार मिळाले असते. तेही जमेतून गेले. म्हणजे या सदनिकेला वर्षाला ४ लाख ३५ हजारांचे भांडवल खर्ची पडते आणि ती देते १ लाख १० हजार. उरलेले सव्वातीन लाख भाववाढीने भरून काढावे लागतात. हे झाले साडेसहा टक्के. सुरुवातीला मुद्रांक व इतर बाबींत गेलेले पाच लाखही दहा वर्षांत वसूल करायचे, तर भाव दरवर्षी सुमारे सात टक्क्यांनी चढत राहिला पाहिजे; आणि हे भाडेही त्याच गतीने वाढत राहील असे गृहीत धरून. थोडक्यात, दहा वर्षांत भाव जवळजवळ दुप्पट झाला, तर आपला गुंतवणूकदार ना नफा ना तोटा या रेषेवर येऊन उभा राहतो. विक्रीवरील कर आणि दलाली त्यानंतर.

नेमका येथेच लोकांचा गैरसमज होतो. '५० लाखांचे ९५ लाख झाले' ही वार्ता साऱ्या कचेरीत पसरते. त्या ९५ लाखांसाठी दहा वर्षे काय भरले, ते कोणी सांगत नाही आणि कोणी विचारतही नाही. भाव दरवेळी दुप्पट होतातच असे नाही. २००३ ते २०१३ या दशकात मुंबई-पुण्याच्या परिसरात भावांनी जी झेप घेतली, ती पाहूनच एक पिढी या बाजारात उतरली. पुढे २०१४ ते २०२०च्या सुमारास तेच भाव बरेचसे थबकले. महागाई वजा करता अनेक उपनगरांत ते उतरलेच. ज्यांनी २००४मध्ये घेतले त्यांचे शहाणपण आणि ज्यांनी २०१४मध्ये घेतले त्यांचा मूर्खपणा, असा हा प्रकार नव्हता. दोघांची अक्कल सारखीच होती. वर्षे वेगळी होती.

व्याजदराचेही असेच आहे. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ-दहा महिन्यांत रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर नेला. ऑक्टोबर २०१९ नंतर दिलेली बँकांची बदलत्या दराची नवी गृहकर्जे अशा बाह्य दराशी जोडलेली असल्यामुळे ती वाढ कर्जदारापर्यंत थेट पोचली. ३५ लाखांच्या वीस वर्षांच्या कर्जावर साडेसहाचे नऊ टक्के झाले, की हप्ता २६ हजार १०० वरून ३१ हजार ५०० होतो. बँका बहुधा हप्ता न वाढवता मुदत वाढवतात, आणि कर्जदाराला काही घडल्याचे कळतच नाही. पन्नाशीतल्या कारकुनाचे कर्ज निवृत्तीच्या पलीकडे कधी जाऊन पोचले, हे त्याला एखाद्या दिवशी बँकेचा उतारा चाळताना समजते. पुढे २०२५मध्ये दर उतरले. पण लांबलेली मुदत आपोआप आखडली की नाही, हे ज्याचे त्याने तपासायचे असते.

शिवाय अडचण आली, तर ठेव अर्धी मोडता येते, समभाग दहा विकता येतात. घराची एक खोली विकून मुलीच्या शिक्षणाची फी भरता येत नाही.

गुंठ्यांचा मोह

सदनिका आवाक्याबाहेर गेली की पगारदाराची पावले शहराबाहेर वळतात. रविवारी गाडीने नेऊन माळरान दाखवायचे, चुन्याने आखलेले चौकोन दाखवायचे, परतताना जेवण घालायचे आणि सोमवारी विसार घ्यायचा, ही पद्धत आता सर्वांच्या परिचयाची झाली आहे. 'गुंठ्याला अमुक लाख' हा आकडा सदनिकेपुढे स्वस्त वाटतो. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट आणि चाळीस गुंठ्यांचा एकर, एवढा हिशेब सर्वांना येतो. पण ती जमीन तशी विकता येते का, हा प्रश्न विसार दिल्यावर सुचतो.

शेतजमिनीचे लहान तुकडे पडू नयेत म्हणून १९४७ सालीच तुकडेबंदीचा कायदा झाला. ऑगस्ट २०२३च्या अधिसूचनेनुसार बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र ठरले आहे. नागरी व विकास आराखड्यांतील क्षेत्रांतल्या जुन्या तुकड्यांना नियमित करण्याची वाट शासनाने २०२५मध्ये मोकळी केली; परंतु तिचा अर्थ कोठल्याही खेड्यातील कोणत्याही शेताचे दोन-दोन गुंठे पाडून विकायला मुभा मिळाली, असा नव्हे. दलाल मात्र तसाच अर्थ सांगतात. त्यातच शेतजमीन घेण्यासाठी खरेदीदार शेतकरी असावा लागतो, ही कूळकायद्याची अट. ती टाळण्यासाठी गावाकडच्या चुलतभावाच्या नावे खरेदी करणाऱ्यांनी बेनामी व्यवहाराचा १९८८चा कायदा आणि २०१६ साली त्याला बसवलेले दात लक्षात ठेवावेत. चुलतभाऊ आज प्रेमळ आहे. त्याच्या मुलांचा भरवसा कोण देणार?

तुकडेबंदीवर निघालेला लोकप्रिय तोडगा म्हणजे सामाईक सातबारा. दहा-अकरा जण मिळून एक क्षेत्र घेतात, सर्वांची नावे एका उताऱ्यावर चढतात आणि प्रत्येकाला आपला तुकडा 'ठरलेला' वाटतो. कागदावर मात्र तो कोठेच ठरलेला नसतो. हिस्सा आहे, हद्द नाही. रस्त्याकडेचे दोन गुंठे कोणाचे आणि ओढ्याकाठचे कोणाचे, हे त्या चुन्याच्या रेघांवर अवलंबून, आणि त्या पहिल्या पावसात वाहून जातात. पुढे एकाला विकायचे झाले, की बाकी दहांच्या सह्यांसाठी दारोदार फिरणे आले; त्यांतील एक परदेशी, एक निवर्तलेला आणि एक रुसलेला असतो.

सातबाऱ्यावर नाव लागले म्हणजे मालकी सिद्ध झाली, ही समजूत सुशिक्षितांतही घट्ट आहे. गाव नमुना सात हा अधिकारांचा अभिलेख आणि बारा हा पिकांचा. महसूल वसुलीच्या सोयीसाठी ठेवलेली ही नोंद आहे. फेरफाराने मालकी हक्क निर्माण होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने पुनःपुन्हा सांगितले आहे. मालकी ठरते ती खरेदीखतांच्या साखळीवरून. म्हणून किमान तीस वर्षांचा शोध घ्यावा, 'इतर हक्क' या रकान्यात बोजा, कूळ, वारस, बहिणींचे हक्क काय आहेत ते वाचावे, भोगवटादार वर्ग दोन असा शेरा असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीचा कागद मागावा आणि भूमी अभिलेख खात्याकडून हद्द कायम करणारी मोजणी होऊन नकाशाची प्रत हाती आल्याखेरीज पूर्ण रक्कम देऊ नये. यासाठी लागणारे काही हजार रुपये आणि काही महिने, हा मध्यमवर्गाला निष्कारण वाटणारा खर्च आहे. लग्नासाठी पत्रिका दोन-दोन ज्योतिष्यांना दाखवणारा माणूस आयुष्याच्या पुंजीचा कागद मात्र दलालाने दिलेल्या वकिलालाच दाखवतो.

बांधकाम चालू असलेल्या इमारतींची स्थिती त्या मानाने सुधारली आहे. २०१६चा स्थावर संपदा कायदा आणि २०१७पासून काम करणारे महारेरा प्राधिकरण यांमुळे चटई क्षेत्र, मुदत, मंजुरी, दावे यांची माहिती घरबसल्या पाहता येते. नोंदणीकृत करार होण्यापूर्वी १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही आणि ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावी लागते. भूखंड ५०० चौरस मीटरपर्यंतचा असेल किंवा सदनिका आठपर्यंतच असतील, तर नोंदणीचे बंधन नाही. आणि छोट्या गुंतवणूकदाराच्या ऐपतीत बसणाऱ्या इमारती नेमक्या याच वर्गात मोडतात. प्रकल्पाची नोंदणी होण्याआधी 'लवकर येणाऱ्यांना सवलत' म्हणून पैसे गोळा करणेही कायद्याला मान्य नाही, हे सवलतीच्या मोहात विसरले जाते. तक्रारीनंतर परताव्याचा आदेश मिळणे आणि प्रत्यक्ष पैसे मिळणे यांतही अंतर असते. जुनी सदनिका घेताना इमारतीखालच्या जमिनीचे अभिहस्तांतरण सोसायटीच्या नावे झाले आहे का, हे विचारावे. असंख्य सोसायट्यांची जमीन अजून विकासकाच्याच नावावर आहे, आणि पुनर्विकासाची वेळ आली की त्याची किंमत कळते.

मग या वर्गाने स्थावर मालमत्तेकडे फिरकूच नये काय? तसे नाही. त्याने भाड्यापासून सुरुवात करावी. जेथे जागा घ्यायची तेथे आज खरोखर कोण भाडे देतो, किती देतो आणि वर्षातून किती महिने देतो, हे आधी पाहावे. तालुक्याच्या गावी महाविद्यालय, औद्योगिक वसाहत किंवा मोठे रुग्णालय असेल आणि स्वतःच्या घरावर मजला चढवण्याची रीतसर परवानगी मिळत असेल, तर तेथील हिशेब पुण्या-मुंबईहून पार वेगळा येतो. समजा, पाचशे चौरस फुटांच्या दोन खोल्या चौरस फुटाला दोन हजार रुपयांप्रमाणे १० लाखांत बांधल्या आणि प्रत्येकीला साडेतीन हजार भाडे आले. अकरा महिन्यांचे ७७ हजार, खर्च १२ हजार, निव्वळ ६५ हजार. म्हणजे साडेसहा टक्के. अर्थशास्त्राचा चिकित्सक विद्यार्थी म्हणेल की यात जमिनीची किंमत धरलेली नाही. आक्षेप रास्त आहे. पण राहत्या घराखालची जमीन हा माणूस तशीही विकणार नव्हता. मुख्य म्हणजे येथे मालक आणि भाडेकरू एका जिन्याने चढतात, नळ गळला तर त्याच दिवशी कळते आणि गुंतवणूक झेपेल एवढीच राहते. लहान गाळ्याचे उत्पन्नही सदनिकेहून बरे येते, परंतु तो एकदा रिकामा झाला की सहा-आठ महिने रिकामा राहू शकतो. ज्यांना किल्ल्या, नळ, भाडेकरू यांची यातायात नको आणि तरी भाड्यात वाटा हवा, त्यांच्यासाठी २०१९पासून भागबाजारात स्थावर मालमत्ता न्यासांचे युनिटही मिळतात. कार्यालयीन इमारतींच्या भाड्यातून ते वाटप करतात. त्यांचा भाव रोज खाली-वर होतो, हे खरे. सदनिकेचा भावही होतच असतो, फक्त तो रोज छापून येत नाही.

ज्यांनी आधीच घेऊन ठेवले आहे, त्यांचा प्रश्न वेगळा. त्यांतील पुष्कळांची सदनिका बंदच असते. भाडेकरू घुसून बसेल, ही भीती. वास्तविक लेखी व नोंदणीकृत करार बंधनकारक आहे, त्याचे मुद्रांक शुल्क पाव टक्का आहे, नोंदणी घरबसल्या होते आणि मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याकडून दुप्पट दराने भरपाई मागण्याची तरतूद आहे. सोसायटीनेही बिगरभोगवटा आकार सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक लावू नये, असा शासनाचा आदेश २००१पासून आहे. नोंदणी टाळणाऱ्या मालकाला मात्र कायदा मदत करीत नाही. वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे प्रथम ग्राह्य धरले जाते. तेव्हा काही हजार वाचवण्यासाठी तोंडी व्यवहार करायचा आणि मग कायद्याच्या नावाने बोटे मोडायची, यात अर्थ नाही.

या बंद दारांचा हिशेब केवळ मालकापुरता नाही. २०११च्या जनगणनेच्या आधारे २०१७-१८च्या केंद्रीय आर्थिक पाहणीने दाखवले होते की नागरी भारतातील सुमारे १२ टक्के घरे रिकामी होती. महाराष्ट्रात ती सर्वाधिक, सुमारे २० लाख. एकट्या मुंबईत ४ लाख ८० हजार. ज्या शहरात माणसे पदपथावर झोपतात, त्याच शहराची ही संख्या आहे. पुण्याच्या वेशीवर सदनिका घेऊन कुलूप लावणाऱ्या शिक्षकाचाच मुलगा पेठेत 'कॉट बेसिस'वर जागा शोधत हिंडतो आणि एका खाटेला काही हजार मोजतो, हे दृश्य दुर्मीळ नाही.

याला करधोरणाचाही हातभार लागला आहे. पूर्वी स्वतःच्या वापराचे म्हणून एकच घर करमुक्त धरले जाई. दुसरे बंद असले तरी त्यावर काल्पनिक भाड्याचा कर लागे. २०१९-२० या आर्थिक वर्षापासून दोन घरांना ही सवलत मिळाली. मध्यमवर्गाने तिचे स्वागत केले. मुलगा एका शहरात आणि आई-वडील दुसऱ्या, अशा कुटुंबांची त्यामुळे खरोखर सोय झाली. पण कुलूप लावलेल्या दुसऱ्या घरालाही तीच सवलत लागू झाली. जो आपली सदनिका रीतसर भाड्याने देतो, त्याच्या भाड्यातून ३० टक्के प्रमाणित वजावट मिळाल्यावर उरलेले त्याच्या पगारात मिळवून कर लावला जातो. जो ती बंद ठेवतो त्याला काहीच लागत नाही. नव्या करप्रणालीत तर भाड्यापेक्षा कर्जाचे व्याज जास्त झाले, तरी तो तोटा पगारातून वजा करता येत नाही. ठरावीक मर्यादेपर्यंतचे, नोंदणीकृत कराराने आलेले एका सदनिकेचे भाडे काही वर्षांसाठी करमुक्त केले आणि दुसऱ्या बंद घराची सवलत तेथे कुटुंबातील कोणी खरोखर राहत असेल तरच ठेवली, तर तिजोरीवर पडणारा भार बराचसा परस्परांत भागेल. नवी इमारत न बांधता, एक गुंठा जमीन न खोदता, भाड्याच्या बाजारात जागा येण्याचा याहून स्वस्त मार्ग शासनापुढे नाही.